गिरणाऱ्याच्या पुढचं बंद घर: विहीर आणि टाकीच्या नोंदी

16 मार्च 2025, रविवार

नाशिकजवळचं गिरणारे सोडून आठ-दहा मिनिटं पुढे गेलं की डाव्या हाताला कच्चा रस्ता लागतो. एक एकर चार गुंठे. त्यात कौलारू घर, विहीर, एक म्हातारा आंबा आणि विहिरीच्या काठावर उंबर. घरातल्या आजी गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. मुलं ठाण्याला असतात, तेव्हापासून कुलूप.

दाखवायला मालकांचा धाकटा भाऊ आला होता. कौलं, वासे, वाळवी सगळं त्याने मोकळेपणाने दाखवलं. विहिरीपाशी आल्यावर म्हणाला, "बारमाही आहे साहेब, बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा आटली नव्हती." मग संडासाकडे हात करून, "आणि टाकी बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही."

बायकोला घर आवडलं. तिने ओसरीवर बसून डबा उघडला आणि म्हणाली, "भिंतींचं मी बघते, पाण्याचं तुम्ही बघा." सातपूर एमआयडीसीत चोवीस वर्षं मेंटेनन्स करतोय, पंप आणि गळती यांच्याशी रोजचा संबंध. तरी जमिनीच्या आतलं पाणी हा वेगळाच प्रकार आहे. म्हणून ही वही.

17 मार्च

सातबारा ऑनलाइन काढला. इतर हक्कात ओळ सापडली: विहिरीत चार आणे हिस्सा. म्हणजे विहीर यांची एकट्यांची नाही. काल भाऊ यातलं काही बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, पण विहिरीवर दोन मोटारी बसवलेल्या दिसत होत्या आणि घराचं मीटर तर केव्हाच काढून नेलेलं. तिथेच खटकायला हवं होतं.

23 मार्च, रविवार

शेजारच्या आबांची ओळख झाली. त्यांचे चार आणे, त्यांच्या चुलतभावाचे आठ, उरलेले चार या घराचे. आठ दिवसांचं चक्र: आबांचे दोन दिवस, चुलतभावाचे चार, या घराचे दोन. "मग नऊ वर्षं यांचे दोन दिवस कोण वापरतं?" असं विचारल्यावर आबा हसले. "कोण वापरील? पाणी काय वाट बघत बसतं का?" चुलतभाऊ वापरतो. आम्ही घर घेतलं तर त्याच्या द्राक्षांचं दोन दिवसांचं पाणी जाणार. हे व्यवहाराच्या आधी बोलून घ्यायला हवं, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात बांधावर भांडण.

मोजमाप केलं. दोरीला दोन किलोचं वजन बांधून सोडलं.

व्यास 22 फूट. काठापासून पाणी 25 फुटांवर. खोली सगळेजण सात परस सांगतात, म्हणजे 42 फूट. वजन साडेसदतीस फुटांवर थांबलं, आणि ठक्क करून नाही, तर रुतल्यासारखं. वर ओढलं तर काळा, कुजलेल्या पानांचा गाळ. साडेचार फूट गाळ आहे, उंबराची मेहेरबानी.

वरून 14 फुटांपर्यंत घडीव दगडाचं बांधकाम, मागे मुरूम. त्याखाली काळा पाषाण, उभ्या-आडव्या भेगांचा. 24 फुटांच्या आसपास विटकरी रंगाचा पट्टा विहिरीच्या भोवती फिरलाय, हातभर जाडीचा. आबा त्याला गेरू म्हणतात. त्या पट्ट्याच्या बरोबर वरून पश्चिमेच्या अंगाला झिरपा सुरू आहे, दगड ओला आणि शेवाळलेला. आपल्याकडचा सगळा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. पाणी वरून भेगांतून उतरतं आणि असा मऊ थर लागला की त्यावरून आडवं सरकतं. मुख्य झरा तिथेच.

हिशेबासाठी लिहून ठेवतो: 22 फूट व्यासाला एक फूट पाणी म्हणजे 380 घनफूट, साधारण 10,760 लिटर.

30 मार्च, पाडवा

ठाण्याहून फोन. आज मुहूर्त आहे, विसार द्या. नाही म्हटलं. मग आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला तरी द्या. बघू म्हटलं.

6 एप्रिल, रविवार

टाकी शोधण्यात अर्धा दिवस गेला. नकाशा नाही, ज्याने बांधली तो गवंडी आता हयात नाही, आणि मालकांना "संडासाच्या मागे कुठेतरी" एवढंच माहीत. संडासाच्या भांड्यापासून चिनीमातीचा पाइप कुठल्या दिशेने जातो ते बघून लोखंडी सळई ठोकत गेलो. चौथ्या-पाचव्या ठिकाणी पोकळ आवाज आला. गवताखाली शहाबादी फरश्या निघाल्या. गॅस पाइप मुळाशी मोडून पडलेला, त्यात मुंग्यांचं वारूळ.

फरशी उचलायला आलेला पोरगा लगेच वाकून मोबाइलचा टॉर्च मारायला लागला. त्याला हाताला धरून मागे ओढलं. बंद टाकीत काय साचलंय ते वासावरून कळत नाही. मिथेन पेट घेतो, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. विहिरीत उतरण्याआधी जुनी माणसं दिवा सोडून बघायची, ती युक्ती इथे उलट जिवावर बेतेल. दोन फरश्या सरकवून तासभर उघडं ठेवलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून चहा घेतला, आणि मग मोबाइल काठीला बांधून आत सोडला. माणूस कुणीही उतरायचं नाही, डोकंसुद्धा आत घालायचं नाही. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून मैला काढून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी मी उतरवला नसता.

व्हिडिओत दिसलं ते असं. लांबी 6 फूट, रुंदी 3. मध्ये आडभिंत नाही, बाहेर पडणाऱ्या पाइपाला टी (टी-आकाराचा जोड) नाही. तळाशी वाळलेला, भेगाळलेला काळा थर, त्यातून उंबराची मुळं वर आलेली.

पाणी मात्र थेंबभर नाही.

घरी येताना याच गोष्टीचा विचार करत होतो. सेप्टिक टाकी म्हणजे पाण्याने कायम भरलेलं भांडं. जेवढं वरून येतं तेवढंच पलीकडच्या पाइपातून बाहेर जातं, बाकी पाणी आत राहतं. घर बंद झालं तरी झाकलेल्या टाकीतलं पाणी सगळंच्या सगळं हवेत उडून जाणार नाही. ही कोरडी ठणठणीत आहे. म्हणजे हिला तळ नाही, किंवा होता तो गेलाय.

भावाचं वाक्य आठवलं. एकदाही उपसावी लागली नाही. कशी लागेल?

टाकीच्या भिंतीपासून विहिरीच्या काठापर्यंत टेप लावला: 41 फूट, म्हणजे साडेबारा मीटर. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर तरी लांब हवा, असं आपल्या मानकात आहे. ही टाकी नावालाच टाकी, खरा तर शोषखड्डाच, आणि तोही विहिरीच्या पश्चिमेला. झिरप्याच्या बाजूला.

8 एप्रिल

विहिरीचं पाणी तपासायला दिलं. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणली होती. आबांची मोटार दहा मिनिटं चालवून मग भरली, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवली. कुणीतरी सुचवलं होतं की बिस्लेरीची रिकामी बाटली चालते. रासायनिक तपासणीला एक वेळ चालेल, जंतूंच्या तपासणीला नाही.

16 एप्रिल

अहवाल आला. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 540 मिलिग्रॅम (500 पर्यंत उत्तम, दुसरा पर्याय नसेल तर 2000 पर्यंत चालतं). कठीणपणा 310, म्हणजे डाळ शिजायला वेळ लागणार आणि गिझरला पापुद्रा धरणार. नायट्रेट (मैल्यातून आणि खतातून येतं) 22, मर्यादा 45. फ्लोराइड ठीक. कोलिफॉर्म जंतू आहेत, त्यातला विष्ठेतून येणारा ई. कोलायही आहे.

बायको म्हणाली, "नायट्रेट कमी आहे म्हणजे टाकीचा त्रास नाही ना?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण नऊ वर्षं संडास वापरातच नाही, तर नायट्रेट येणार कुठून? जे 22 आहे ते बागेच्या खताचं असावं. आणि ई. कोलाय पारव्यांचाही असू शकतो, विहिरीच्या कपारीत पंचवीस-तीस पारवे राहतात. आजचा अहवाल रिकाम्या घराचा आहे. आम्ही पाच माणसं राहायला गेल्यावर काय होईल हे यातून कळत नाही.

म्हणजे घर भरलेलं असल्याचं नाटक करावं लागेल.

19 एप्रिल, शनिवार

आबांच्या मोटारीवरून टाकीत पाणी सोडलं, बाहेरच्या पाइपाच्या तोंडापर्यंत, साधारण 2,000 लिटर. पाइपाचं तोंड बोळ्याने बंद केलं. भिंतीवर खडूची खूण. संध्याकाळी सहा.

20 एप्रिल, रविवार

सकाळी सात: 19 इंच खाली. सुकलेल्या विटा आधी पाणी पितात म्हणून लगेच निकाल लावायचा नाही असं ठरवलं होतं. पुन्हा खुणेपर्यंत भरलं.

21 एप्रिल

कामावर जाण्याआधी पाचला उठून जाऊन आलो. 17 इंच. आता विटांचा बहाणा चालणार नाही.

पाणी जातंय हे नक्की झालं. कुठे जातंय ते रंगाने बघायचं. भूशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनी सोडियम फ्लुओरेसीन सुचवलं. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याची तपासणी करताना शिरेतून देतात तेच, त्यामुळे विषाची भीती नाही. दिसायला शेंदरी पूड. पुडी उघडताना चिमूटभर बोटाला लागली, नळाखाली हात धरला आणि अख्खं बेसिन पोपटी झालं. बायको बघतच राहिली.

हिस्सेदारांना न विचारता सामाईक विहिरीत रंग जाऊ देणं बरोबर नाही. संध्याकाळी आबा आणि त्यांचे चुलतभाऊ, दोघांनाही समोर बसवून सांगितलं. त्यांच्या घरी प्यायला नळयोजनेचं पाणी आहे, विहीर बागेला आणि जनावरांना. चुलतभाऊ म्हणाला, "आमच्या गाई हिरवं दूध देतील का?" आबांना वेगळीच शंका होती. "आन् आलाच नाही रंग तर?" तर तुमची विहीर चांगली म्हणायची, मी म्हटलं.

टाकीत पन्नास ग्रॅम पूड, वर पुन्हा पाणी. वेळ सायंकाळी साडेसात.

24 एप्रिल

दुपारी पावणेतीनला शॉपवर असताना आबांचा फोन. "साहेब, या तुम्ही. झिरपा हिरवा दिसून राहिला."

पहिली पाळी सुटल्यावर थेट गेलो. ऊन पश्चिमेला कललं होतं आणि विहिरीत तिरका उजेड पडला होता. गेरूच्या पट्ट्याच्या वर, दोन काळ्या दगडांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार येत होती, शेवाळाच्या हिरव्यापेक्षा अगदी वेगळी, पेटल्यासारखी पोपटी. खाली पाण्यात ती धार दोन-तीन हात तशीच उतरत होती आणि मग धुरासारखी पसरत होती. एक पारवा कपारीतून उडाला, पाणी हललं, आणि सगळी रेघ मोडून गेली. थोड्या वेळाने पुन्हा जुळली.

41 फूट अंतर, तीन दिवसांच्या आत. मातीतून गाळून गेलेलं पाणी एवढं पळत नाही. हे भेगेतून आलेलं.

आबा बराच वेळ काठावर उभे होते. मग म्हणाले, "म्हातारी हेच पाणी प्यायची. आम्ही पण, नळ येईस्तोवर." खाली उतरून त्यांनी बादली सोडली आणि हिरव्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. कशाला ते सांगितलं नाही.

30 एप्रिल, आखाजी

विसार दिला नाही. मालकांना व्हिडिओ पाठवला. उत्तर नाही.

3 मे, शनिवार

उपसा चाचणी. ही मुद्दाम मेपर्यंत लांबवली होती. ज्या विहिरीचं पाणी दिवाळीत हाताला लागतं, तिच्याबद्दल दिवाळीत काय ठरवणार?

चुलतभावाने आणि आबांनी कालचा दिवस मोटारी बंद ठेवल्या. द्राक्षांची खरड छाटणी नुकतीच झाल्यामुळे त्यांना पाणी हवंच होतं, म्हणून उपसलेलं सगळं पाणी त्यांच्याच बागेत सोडायचं ठरलं. माझ्या चाचणीत त्यांचं नुकसान नाही, आणि चुलतभावाशी बोलणं सुरू व्हायलाही बरं पडलं.

सकाळी सातला पाणी 31 फुटांवर. मार्चपेक्षा सहा फूट खाली. तळाच्या गाळावर फक्त साडेसहा फूट पाणी, म्हणजे 70,000 लिटर.

पाच एचपीची मोटार. 200 लिटरचा ड्रम वीस सेकंदांत भरतो, म्हणजे तासाला 36,000. दीड तास चालवली, 54,000 लिटर काढलं. पातळी पावणेपाच फूट उतरली, म्हणजे विहिरीतून गेलं 51,000. मधले तीन हजार दीड तासात झऱ्यांनी भरले. साडेआठला बंद केली.

नंतर दर तासाला दोरी. पहिल्या तासात 3 इंच, दुसऱ्यात 3, मग अडीच, मग कमी कमी. साडेपाचपर्यंत एकूण 20 इंच.

(दोरीवर फुटांच्या गाठी मारल्या होत्या, तरी दुपारी एकदा चुकलो. तिसऱ्या तासाची नोंद आबांच्या नातवाची आहे. तो जास्त काटेकोर.)

4 मे, रविवार

सकाळी सात: एकूण 34 इंच. साडेबावीस तासांत साधारण 30,500 लिटर. उपसलेलं पाणी दिवसात परत भरलं नाही. त्यामुळे "बारमाही" हा शब्द खरा आहे आणि फसवाही. विहीर आटत नाही, पण उन्हाळ्यात दिवसाला बत्तीस हजारांच्या वर देत नाही.

चार आण्यांचे आठ हजार. पाच माणसांना शहरी हिशेबाने, माणशी 135 लिटर धरून, पावणेसातशे लागतात. घर आणि ठिबकवर वीस-पंचवीस झाडं आरामात. द्राक्ष लावायचं स्वप्न माझ्या मेहुण्याचं होतं, माझं नव्हतं. ते त्याला आज फोनवर सांगून टाकलं.

गाळ काढला तर साठा वाढेल, झरे वाढतीलच असं नाही. गाळ उपसायची यारी (क्रेन) लावायचा खर्च तिघांत हिश्शाप्रमाणे, हे दोघांनी तोंडी मान्य केलंय.

11 मे, रविवार

अवकाळी. चाचणी आठवडाभर उशिरा ठेवली असती तर फुकट गेली असती. गावात सगळे कांदा झाकण्याच्या धावपळीत, कुणाशी बोलणं झालं नाही.

18 मे, रविवार

मालक स्वतः आले, ठाण्याहून. मला वाटलं होतं चिडतील. व्हिडिओ त्यांनी बघितला होता, पण विश्वास बसला नव्हता. आबांनी ती हिरव्या पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातात दिली. रंग अजून तसाच होता. त्यांनी ती उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "आईला सारखा पोटाचा त्रास असायचा." एवढंच. त्यावर कुणी काही बोललं नाही. पोटाचा त्रास यानेच होता असं मी म्हणू शकत नाही, आणि नव्हता असंही.

ठरलं ते असं. जुनी टाकी वापरात आणायची नाही. मुळं तोडून, चुना टाकून, मुरुमाने बुजवायची. नवी टाकी पूर्वेला, उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून 29 मीटरवर. दोन कप्प्यांची, तळाला काँक्रीट, आतून गिलावा, आणि पाणी भरून आठवडाभर पातळी बघितल्याशिवाय माती लोटायची नाही. गवंड्याने शोषखड्ड्यासकट सव्वा लाख सांगितले. मालक किमतीत नव्वद हजार सोडायला तयार झाले. खरेदीखतात तीन गोष्टी स्पष्ट लिहायच्या: विहिरीतले चार आणे, आठ दिवसांतले दोन दिवस, आणि विहिरीपासून घरापर्यंत पाइपलाइन नेण्याचा हक्क. चुलतभावाची संमती म्हणून सही. तो म्हणाला, पहिलं वर्ष एकच दिवस घ्या, बाग सावरू द्या. मान्य केलं.

24 मे, शनिवार

नव्या शोषखड्ड्याची जागा खणून बघितली. साडेचार फूट मुरूम, त्याखाली कुदळ वाजायला लागली. खड्डा उथळ आणि रुंद करावा लागेल. खाली पाषाणाची भेग उघडी पडली तर पुन्हा तीच कथा.

तळाशी फूटभर चौकोनी खळगा करून त्यात काल रात्रभर पाणी भरून ठेवलं होतं. आज सकाळी पुन्हा भरून घड्याळ लावलं. एक इंच उतरायला नऊ मिनिटं. दुसऱ्यांदा अकरा, तिसऱ्यांदाही अकरा. पाणी शोषलं जातंय, पण पळत नाहीये. हवं ते हेच.

उद्या विसार. बायकोने चेक लिहून ठेवलाय, माझी फक्त सही.

निघताना आबा बांधापर्यंत सोडायला आले. मार्चमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की त्यांचीही टाकी कव्हाच उपसावी लागली नाही, पंधरा वर्षं झाली. ती विहिरीच्या उत्तरेला आहे. अंतर मी मोजलं नव्हतं, पण नजरेने सांगायचं तर आपल्यापेक्षा जवळ.

गाडीला किल्ली लावली तेव्हा त्यांनी काचेवर बोट वाजवलं. काच खाली केली.

"ती शेंदरी पुडी," ते म्हणाले, "थोडी उरली आसंल ना?"